टंकलेखनाचा वेग (मराठी)

कळफलकावर एका मिनिटात किती मजकूर टंकता येतो, याचे माप म्हणजे टंकलेखनाचा वेग. तो 'शब्द प्रति मिनिट' असा सांगतात. बोलण्यात 'मराठी तीस, इंग्लिश चाळीस' एवढे पुरते. महाराष्ट्र शासनाच्या लिपिक-टंकलेखक भरतीत नेमकी हीच अट असते: मराठी ३० किंवा इंग्रजी ४०. त्याची प्रमाणपत्र परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पूर्वी ती टंकयंत्रावर होई, आता संगणकावर होते.

मोजणीतला 'शब्द' व्याकरणातला नव्हे. सर्वसाधारणपणे मोकळी जागा धरून पाच कळदाब म्हणजे एक शब्द. कर्मचारी निवड आयोग हिंदीचे ३० शब्द म्हणजे तासाला ९,००० कळदाब धरतो, तो याच हिशेबाने. पाच मिनिटांत ९०० कळदाब झाले, तर ढोबळ वेग ३६. दहा चुका तशाच राहिल्या, तर मिनिटामागे दोन वजा होऊन निव्वळ वेग ३४. मराठीला हे माप न्याय्यच आहे. 'विद्यार्थी' डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, पण इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळफलक-रचनेत त्याला व, ि, द, ्, य, ा, र, ्, थ, ी असे दहा कळदाब लागतात, शिवाय 'थ'साठी शिफ्ट.

वेग कळफलकाच्या रचनेवरही ठरतो. टंकयंत्रावरून आलेल्या रेमिंग्टन रचनेत ऱ्हस्व वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर. इनस्क्रिप्टमध्ये उच्चाराप्रमाणे व्यंजन आधी. त्यामुळे टंकयंत्रावर हात बसलेल्यांना इनस्क्रिप्ट सुरुवातीला अडते. नव्याने शिकणाऱ्याने मात्र तेच धरावे. त्यात स्वर आणि मात्रा डावीकडे, तर व्यंजने बहुतांशी उजवीकडे आहेत. 'पाटील' टंकताना उजवा-डावा-उजवा-डावा-उजवा असे हात आळीपाळीने चालतात. पाय मोडण्याची कळ तर डाव्या मधल्या बोटाखालीच आहे.

टायपिंगच्या क्लासमध्ये पहिला धडा मधल्या ओळीचा असतो. इंग्रजीत 'एएसडीएफजीएफ' पाने भरून काढायला लावतात, ते बोटांना घर कळावे म्हणून. एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे (इनस्क्रिप्टमध्ये ि आणि र) त्यासाठीच असतात. वेग अडतो तो बहुधा चुकांपाशी: चुकलेले अक्षर खोडणे आणि पुन्हा टंकणे म्हणजे एका कळदाबाचे तीन. म्हणून आधी सावकाश व बिनचूक, मग घड्याळ. आल्टो आणि केंब्रिज विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १,६८,००० जणांचे इंग्रजी टंकलेखन तपासले. सरासरी वेग ५२ निघाला. वेगवान मंडळी चुका कमी करत आणि आधीची कळ सुटण्यापूर्वीच पुढची दाबत. सरावासाठी तोंडओळखीच्या वाक्यांपेक्षा जोडाक्षरांनी भरलेला शासकीय मजकूर घ्यावा. बोटे अडखळतात ती तिथेच.

रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारी साधने शिकायला सोपी आहेत. मात्र त्यांत शब्द निवडायला नजर वारंवार पडद्यावरच्या यादीकडे जाते, आणि समोरच्या कागदावरून उतरवून घेताना ओळ हरवते.