मरीन प्लाय लावला, तरी सिंकखालचं कपाट फुगतं
किचन नवं करताना सुतारापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे सांगतात: मरीन प्लाय घ्या, पाण्याची काळजीच मिटली. हे अर्धंच खरं. मरीन प्लाय म्हणजे आयएस 710 या भारतीय मानकाचा प्लाय; तो 72 तास उकळत्या पाण्यात टिकतो, म्हणजे त्याचे थर सुटत नाहीत. लाकूड मात्र पाणी पितंच. ते शिरतं कापलेल्या कडांतून, ड्रेन पाइपसाठी पाडलेल्या भोकातून. समोर चकचकीत सनमायका आणि आतली कड कोरी, असं काम सर्रास होतं, याचं फार वाईट वाटतं. म्हणून बजेटमध्ये आधी प्लंबिंग आणि कडा सील करण्याचे पैसे बाजूला काढा. वरच्या कोरड्या कपाटांना आयएस 303 मानकाचा बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा, पण मरीनपेक्षा खालच्या दर्जाचा) प्लाय पुरतो. तिथे पैसे वाचतात. शीट कापायच्या आत तिच्यावरचा मानकाचा शिक्का स्वतः पाहा, नंतर तो कुठल्या तुकड्यावर गेला हे सापडत नाही.