गोमंतकातील ख्रिस्ती घरांमधल्या पोथ्या आणि ग्रंथवाचन

गोव्याच्या जुन्या काबिजादीतील, म्हणजे तिसवाडी, बारदेश व साष्टी या भागांतील कॅथलिक गावांत आणि तेथून कानडा किनाऱ्यावर, म्हणजे मंगळूरच्या परिसरात, स्थलांतरित झालेल्या कुटुंबांत सोळाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चालत आलेली परंपरा. पुस्तके बाळगणे, हाताने नकलून घेणे आणि मोठ्याने वाचून ऐकवणे ही तिची तीन अंगे. खेड्यातल्या ख्रिस्ती घरात पुस्तक विकत येणे ही अलीकडची गोष्ट आहे. त्याआधीची कितीतरी वर्षे ते कानांवाटे घरात येत असे, आणि एखाद्याने खपून नक्कल केली तर पेटीत राहत असे. मराठी साहित्याच्या इतिहासात या परंपरेला मोठे स्थान आहे. तिचा मुख्य ग्रंथ मराठी आहे आणि तो आज आपल्या हाती आहे तो केवळ अशा घरांनी जपलेल्या हस्तलिखितांमुळे.

धर्मांतरापूर्वीची पोथी

पोर्तुगीज आले तेव्हा गोव्याची खेडी निरक्षर नव्हती. गावकरीचा, म्हणजे गावाच्या सामायिक संस्थेचा, कारभार लेखी चाले. कुळकर्णी कंदेवी, म्हणजेच गोयकानडी लिपीत दप्तर ठेवत. देवळात आणि सधन घरांत पुराणे वाचली जात. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून धर्मांतराची मोहीम तीव्र झाली तशी देवळांबरोबर पोथ्यांवरही संक्रांत आली. १५५९ च्या सुमारास दिवाडी बेटावरच्या एका ब्राह्मणाच्या घरातून पोथ्या जप्त करून नेल्या गेल्या. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या पाद्रींच्या पत्रव्यवहारात त्याचा उल्लेख आहे, आणि तो विजयाच्या सुरात आहे. घरातला ग्रंथसंग्रह असा एका दिवसात परक्याच्या हाती जाणे म्हणजे काय, हे त्या घरच्या माणसांच्या बाजूने कोणी लिहून ठेवलेले नाही.

त्या काळच्या काही मजकुराच्या नकला पाद्रींनी स्वतःच्या अभ्यासासाठी करवून घेतल्या. कोकणी गद्यातील रामायण-महाभारताच्या कथा आणि काही मराठी काव्ये रोमन लिपीत उतरवलेली अशी हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत. सोळाव्या शतकातले कोकणी गद्य आज वाचायला मिळते ते या नकलांमुळे.

ख्रिस्तपुराण

पोथी गेली तरी पोथी ऐकण्याची सवय गेली नाही. या परंपरेचा उगम या एका गोष्टीत आहे, आणि तो खुद्द ख्रिस्तपुराणाच्या पहिल्या अवस्वरात, म्हणजे अध्यायात, सांगितला आहे. साष्टीतल्या ख्रिस्ती देवळात दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षण, चालू असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो, की तुम्ही शिकवता ते चांगलेच आहे, पण आमची पूर्वीची पुराणे तर आता बंद झाली. मग त्यांच्या जागी वाचायला-ऐकायला दुसरे पुराण तुम्ही का देत नाही? हा प्रश्न कुणी प्रत्यक्ष विचारला असेल किंवा कवीने रचला असेल, त्यामागची भूक मात्र खरी होती.

उत्तर दिले फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटाने. ते १५७९ मध्ये गोव्यात आले आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षे मुख्यतः साष्टीत राहिले. त्यांनी बायबलमधील कथा मराठी ओवीत रचल्या. पहिले पुराण जुन्या कराराचे, दुसरे ख्रिस्तचरित्राचे. पहिल्यात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वरू, आणि एकूण ओव्या जवळपास ११ हजार. मराठी ही भाषांमध्ये खड्यांतल्या रत्नासारखी आहे, असे सांगणाऱ्या त्यातल्या ओव्या मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असतात. त्या ज्यांच्यासाठी लिहिल्या ते श्रोते मात्र आपल्या डोळ्यांसमोर क्वचितच येतात. ते होते साष्टीतले शेतकरी, रेंदेर, म्हणजे माडी काढणारे, मच्छीमार आणि गावकार, म्हणजे गावकरीचे सदस्य.

त्या काळी कॅथलिक घरात बायबल का नव्हते, हेही येथे सांगायला हवे. कॅथलिक चर्चच्या १५६४ च्या निषिद्ध ग्रंथसूचीच्या नियमांनुसार लोकभाषेतील बायबल वाचायला बिशपची किंवा इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, लेखी परवानगी लागे. त्यामुळे बायबलच्या कथा पुराणाच्या रूपात, पाद्रीने रचलेल्या आणि तपासून मंजूर झालेल्या ओव्यांतून लोकांपर्यंत गेल्या. ख्रिस्तपुराणालाही छपाईपूर्वी धर्माधिकाऱ्यांची आणि इन्क्विझिशनची परवानगी घ्यावी लागली होती.

रोमन अक्षरांतली मराठी

गोव्यात छापखाना आला १५५६ मध्ये. तो निघाला होता अ‍ॅबिसिनियाला, पण गोव्यातच राहिला आणि सेंट पॉल कॉलेजात उभा झाला. आशियातले युरोपीय पद्धतीचे मुद्रण तेथून सुरू झाले. पण देवनागरीचे खिळे त्या छापखान्यात कधीच पडले नाहीत. याची खंत स्टीफन्स यांना होती. १६०८ मध्ये रोमला पाठवलेल्या पत्रात त्यांनी लिहिले, की या भूमीच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापली जावीत अशी आपली फार वर्षांची इच्छा आहे. पण युरोपात २४ अक्षरांवर भागते तेथे इथे ६०० साचे पाडावे लागतील.

म्हणून १६१६ मध्ये साष्टीतल्या राशोल येथे ख्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन लिपीत. त्यासाठी अक्षरांची एक पद्धत बसवावी लागली. ‘ळ’ साठी दोन ‘एल’. ‘ठ’ साठी दोन ‘टी’ आणि पुढे ‘एच’. ‘ख’ साठी ‘क्यू’ आणि ‘एच’. ‘चोखळा’ हा शब्द या लिपीत पाहिला की आपली नजर क्षणभर अडखळते. तोंडाने वाचला की लगेच ओळखू येतो. हे पुस्तक डोळ्यांनी वाचायचे नव्हतेच. ज्याला लिपी येते त्याने ते तोंडाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे.

वाचन कसे होई

रविवारी आणि सणांच्या दिवशी इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, लोक जमत तेव्हा पुराण वाचले जाई. ओवीची चाल लोकांच्या अंगात आधीपासूनच मुरलेली होती. पुराणिकाने म्हणायचे, मंडळींनी ऐकायचे, हीच जुनी रीत नव्या देवळात आली. ऐकता ऐकता ओव्या पाठ होत आणि घरी जात.

वाचणारा तयार होई तो इगर्जीशी जोडलेल्या शाळेत. तेथे गावच्या मुलांना मेस्त, म्हणजे मास्तर, अक्षरओळख, दोतोर्न आणि सोल्फ, म्हणजे संगीताचे स्वरलेखन, शिकवी. या शाळांची कीर्ती संगीतासाठी आहे, पण घराघरांतला वाचणाराही त्यांनीच घडवला. ही सोय प्रामुख्याने मुलग्यांसाठी होती. मुली आणि बायका प्रार्थना, लादाईन (संतांची व देवमातेची आळवणी), तेर्स (जपमाळेची प्रार्थना) तोंडपाठ म्हणत. संध्याकाळी घरातल्या ओरातोरीपुढे, म्हणजे देव्हाऱ्यापुढे, तेर्स सुरू होई तेव्हा पुस्तकाची गरज नसे. घरातली वडीलधारी बाई सांगे आणि बाकीचे प्रतिसाद देत. घरोघरीच्या पाठांतराची हीच मुख्य रचना होती, आणि ती बायकांनी सांभाळली. ग्रंथांच्या इतिहासात त्यांचे नाव येत नाही, यात मला मोठा अन्याय वाटतो.

स्टीफन्स यांच्या मागोमाग आणखी पुस्तके आली. त्यांचे स्वतःचे कोकणीतले दोतोर्न त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये निघाले. एत्येन द ला क्र्वा या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरवर मराठीत पुराण रचले (१६२९ पासून). संत अँथनीचे चरित्र १६५५ मध्ये छापले गेले. ख्रिस्तपुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ आणि १६५४ मध्ये निघाल्या. मागणी होती म्हणूनच तिसऱ्यांदा छापावे लागले.

१६८४ नंतर

२७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कौंट द आल्व्होर यांनी हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे आणि पाद्रींनी व शाळांनी पोर्तुगीजमधूनच शिकवावे. तोवर गोव्यातला छापखानाही थंडावला होता; तो पुन्हा सुरू झाला थेट १८२१ मध्ये. म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षे गोव्यात कोणत्याही भाषेतले नवे पुस्तक छापले गेले नाही. साष्टीतल्या शेतकऱ्याला हुकमाने पोर्तुगीज येणे शक्य नव्हते, आणि आले नाही. त्याच्या हातून फक्त त्याच्या भाषेतले पुस्तक गेले.

या काळात परंपरा जगली ती हातांनी केलेल्या नकलांवर. अठराव्या शतकातल्या नकला उपलब्ध आहेत. ११ हजार ओव्यांची नक्कल म्हणजे काय, याचा हिशेब मांडून पाहावा: रोज पन्नास ओव्या उतरवल्या तरी सात महिन्यांहून अधिक काळ लागतो, आणि तोही एक दिवस न चुकवता. ओवी चार चरणांची, म्हणजे चौवेचाळीस हजारांच्या आसपास ओळी. इतके श्रम करून तयार झालेली वही घरात जमीनजुमल्याइतकीच जपली जाणार. कोकणच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, कसर लागते, वाळवी खाते. जी वही टिकली ती कुणीतरी वर्षानुवर्षे ऊन दाखवून, बासनात बांधून टिकवली.

कानडा किनारा

इन्क्विझिशनचा जाच, करांचे ओझे, दुष्काळ आणि मराठ्यांच्या स्वाऱ्या यांमुळे सतराव्या-अठराव्या शतकांत अनेक कॅथलिक कुटुंबे दक्षिणेकडे मंगळूरच्या परिसरात गेली. त्यांच्या सामानात ख्रिस्तपुराणाच्या प्रतीही होत्या. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने या समाजाला कैद करून श्रीरंगपट्टणला नेले आणि १७९९ मध्ये टिपूच्या पाडावानंतर उरलेले परत आले. कैदेच्या त्या पंधरा वर्षांत पुराणातल्या ओव्या म्हणून लोकांनी धीर धरला, ही आठवण मंगळुरी ख्रिस्ती समाजाने जपली आहे. तेथे ओवीगायन विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ऐकू येत होते.

वसई आणि मुंबई

उत्तर कोकणात पोर्तुगीज अंमल १५३४ ते १७३९ असा होता. या पट्ट्यातल्या बोलीत फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश यांनी ख्रिस्ताच्या दुःखभोगावर आणि मरणावर रचलेले पुराण १६५९ मध्ये लिस्बनला छापले गेले, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत ते पुन्हा छापले गेले. दोनशे वर्षांनी एखादे पुस्तक पुन्हा छापावेसे वाटते, याचा अर्थ मधल्या काळात ते कुणाच्या तरी ओठांवर होते.

मोठी घरे आणि लहान घरे

एकोणिसाव्या शतकात गावातल्या ग्रंथमालकीत उघड दुफळी पडली. भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, वाड्यांत पोर्तुगीज आणि फ्रेंच पुस्तकांची कपाटे भरली. चांदर येथील मिनेझिस ब्रागांझा घराण्याचा हजारो पुस्तकांचा संग्रह हे त्याचे ठळक उदाहरण. त्याच गावातल्या मुंडकाराच्या, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्या कुळाच्या, झोपडीत फार तर प्रार्थनेचे एखादे पुस्तक असे, कित्येकदा तेही नसे. वाड्यातली मुले पोर्तुगीजमध्ये वाचत आणि नोकरमाणसांशी कोकणीत बोलत. दोघांना जोडणारे पुस्तक आता उरले नव्हते.

ते पुन्हा आले मुंबई-पुण्याहून. एदुआर्द जुझे ब्रुनो द सौझा यांनी १८८९ मध्ये पुण्यातून ‘उदेंतेचें साळक’ हे रोमन लिपीतले कोकणी नियतकालिक काढले. मराठी कॅथलिकांसाठी हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइटाने १९०३ मध्ये ‘निरोप्या’ मासिक सुरू केले. गोव्यातल्या पिलारहून १९३३ पासून ‘वावराड्यांचो इश्ट’ हे कोकणी नियतकालिक निघू लागले. मुंबईत नोकरीला गेलेला गोवेकर आपल्या गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, राही. तेथे आणि तारवटींच्या, म्हणजे जहाजावरच्या खलाशांच्या, हातांत रेजिनाल्ड फर्नांडिस यांच्यासारख्यांच्या कोकणी ‘रोमांसी’, म्हणजे कादंबऱ्या, फिरत. सुट्टीवर येताना त्या ट्रंकेतून गावी येत आणि एका घरातून दुसऱ्या घरात जात.

हस्तलिखितांतून छापील ग्रंथ

१६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज कोठे असल्याचे माहीत नाही. मंगळूरचे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये ख्रिस्तपुराणाची आवृत्ती काढली तेव्हा त्यांना हस्तलिखित प्रती ताडून पाहून पाठ ठरवावा लागला. १९२० च्या दशकात, मराठी संतचरित्रांचे इंग्रजी अनुवादक जस्टिन अ‍ॅबट यांनी लंडनच्या मार्सडन संग्रहातल्या देवनागरी हस्तलिखिताकडे लक्ष वेधले. त्यात पोर्तुगीज वळणाच्या शब्दांच्या जागी बरेचदा संस्कृत शब्द आहेत. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यातून १९५६ मध्ये निघाली. ज्या लिपीत पुस्तके छापावीत असे स्टीफन्स यांना १६०८ मध्ये वाटत होते, त्या लिपीत हा ग्रंथ छापून यायला ३४८ वर्षे लागली. मधली बहुतेक वर्षे तो साष्टीतल्या आणि मंगळूरच्या घरांत, हाताने लिहिलेल्या वह्यांत होता.