प्रेग्नन्सीत फ्लूची लस: ही धाकधूक आली कुठून?

दिवस गेलेल्या बाईला फ्लूची लस घे म्हटलं की उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं, आत्ता कशाला, बाळ होऊ दे मग बघू. याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणारे बरेच आहेत पण मला ते पटत नाही, कारण ही भीती बायकांच्या डोक्यातून आपोआप आलेली नाही, ती मेडिकलवाल्यांनीच कित्येक वर्षं थोडी थोडी करून भरवली आणि आता तेच विचारतायत की तुम्ही एवढ्या घाबरता का.

सुरुवात १९१८ च्या फ्लूच्या साथीपासून करावी लागेल. त्या साथीत तरणीताठी माणसं गेली हे बहुतेकांनी कुठेतरी वाचलेलं असतं, गरोदर बायकांचं काय झालं ते मात्र फारसं कोणी सांगत नाही. जॉन हॅरिस या अमेरिकन डॉक्टरने ठिकठिकाणच्या डॉक्टरांकडून १३५० गरोदर पेशंटची माहिती गोळा करून १९१९ मध्ये छापली. त्यातल्या जवळपास निम्म्यांना न्यूमोनिया झाला, न्यूमोनिया झालेल्यांतल्या निम्म्याहून थोड्या जास्तच गेल्या, एकूण हिशोब केला तर २७ टक्के, म्हणजे चौघींमागे एक. ज्या वाचल्या त्यांच्यातही बऱ्याच जणींचं बाळ राहिलं नाही. पुढे १९५७ च्या साथीत तेच. मिनेसोटात फ्लूने गेलेल्या, मूल होण्याच्या वयातल्या बायकांपैकी निम्म्या गरोदर होत्या. आणि याचं कारण काही गूढ नाहीये, पोट वाढतं तसं श्वासपटल, म्हणजे फुफ्फुसांखालचा स्नायूंचा पडदा, वर ढकललं जातं, फुफ्फुसांना फुगायला जागा कमी उरते, ऑक्सिजन मात्र आधीपेक्षा जास्त लागतो, हृदयालाही आधीच जास्त काम पडलेलं, त्यात प्रतिकारशक्तीही पोटातल्या बाळासाठी थोडी जुळवून घेत असते. अशात साधा वाटणारा ताप छातीत उतरायला वेळ लागत नाही.

लस तोवर आलेली होती. माणसातला फ्लूचा व्हायरस १९३३ मध्ये सापडला, मग मेलेल्या व्हायरसची लस अमेरिकन सैन्यासाठी तयार झाली आणि १९४५ पासून बाकीच्यांनाही मिळायला लागली. १९६० मध्ये तिथल्या सर्जन जनरलने, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या मुख्य डॉक्टरने, दरवर्षी लस कोणी घ्यावी ते सांगितलं, म्हातारी माणसं, हृदयाचे-फुफ्फुसाचे पेशंट, आणि गरोदर बायका. हो, १९६०! हे हल्लीचं नवीन फॅड आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी मुद्दाम सांगते.

पण पुढच्याच वर्षी थॅलिडोमाइडचं प्रकरण फुटलं. पश्चिम जर्मनीत १९५७ पासून विकलं जाणारं हे झोपेचं औषध, मळमळ थांबते म्हणून गरोदर बायकाही घेत होत्या, आणि हात-पाय न वाढलेली मुलं जन्माला यायला लागली. १९६१ च्या शेवटी तिथे ते बाजारातून काढलं तोवर जगभरात दहा हजारांवर बाळांवर परिणाम झालेला होता. आता यातून शिकायचं काय होतं, की गरोदरपणात लागणारी औषधं आधी नीट तपासा. शिकले भलतंच, गरोदर बायकांना चाचणीत घेऊच नका. १९७७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, तर ज्यांना दिवस जाऊ शकतात अशा सगळ्याच बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवायला सांगितलं, ते १९९३ पर्यंत चाललं.

या सगळ्यात पाठीराखा म्हणावा असा एक मोठा अभ्यास होता. १९५९ पासून अमेरिकेत पन्नास हजारांवर गरोदरपणं नोंदवून मुलं सात वर्षांची होईपर्यंत पाहिली होती, त्यातल्या दोन हजारांहून जास्त बायकांनी फ्लूची लस घेतलेली होती आणि मुलांमध्ये त्याचा काही वाईट परिणाम दिसला नाही. हे १९७३ ला छापून आलं. पण लक्षात राहिलं ते १९७६ चं, स्वाइन फ्लूची साथ येणार म्हणून घाईघाईत चार कोटींवर लोकांना लस टोचली, साथ काही आलीच नाही आणि लस घेतलेल्यांत गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातापायांतली ताकद जाण्याच्या आजाराचे, पेशंट वाढले, साधारण लाखामागे एक जास्तीचा. मोहीम बंद झाली, नाव खराब झालं ते झालंच.

मला स्वतःला सगळ्यात मोठा गोंधळ वाटतो तो लसीच्या खोक्यातल्या कागदाचा. तो घड्या घातलेला, मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद कोणी वाचत नाही असं डॉक्टर समजतात, पण गरोदर बाई वाचते, फोनचा टॉर्च लावून वाचते. त्यावर गरोदरपणाच्या रकान्यात लिहिलेलं असायचं की प्राण्यांवर याचे प्रजननाचे प्रयोग केलेले नाहीत, स्पष्ट गरज असेल तरच द्यावी. गरोदरपणात औषध कितपत चालेल ते सांगणारी ए बी सी डी एक्स अशी अक्षरांची पद्धत अमेरिकेत होती १९७९ पासून, त्यात बऱ्याच फ्लूच्या लसींपुढे ‘सी’ असायचं, म्हणजे पुरेशी माहिती नाही इतकंच, पण वाचणाऱ्याला ते धोक्याचंच वाटणार ना. ही अक्षरं २०१५ मध्ये काढायला सुरुवात झाली. तोवर समोर डॉक्टर म्हणतोय घ्या आणि हातातला कागद म्हणतोय जपून, तर बाईने कोणाचं ऐकायचं?

शिफारसही सरळ चालत आली नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत सांगितलं की १४ आठवडे झाल्यावर घ्या, २००४ मध्ये सांगितलं कुठल्याही महिन्यात चालेल. मध्ये १९९९ मध्ये थायमरोसॉल, म्हणजे लस टिकावी म्हणून घालतात ते पाऱ्याचं संयुग, खबरदारी म्हणून लहान मुलांच्या लसींतून काढायचं ठरलं. धोका सिद्ध झालेला नव्हता, माशांतून पोटात जाणारा पारा वेगळा आणि हा वेगळा, हा शरीराबाहेर लवकर पडतो, पण ‘काढलं म्हणजे काहीतरी असणारच’ हे लोकांच्या मनात पक्कं बसलं. २००३ मध्ये नाकात मारायचा स्प्रे आला, त्यात जिवंत पण दुबळा केलेला व्हायरस असतो म्हणून तो गरोदरपणात देत नाहीत, आणि मग इंजेक्शनही चालत नाही अशी सरमिसळ झाली. इंजेक्शनमधला व्हायरस मेलेला असतो, त्याने फ्लू होऊच शकत नाही, दंड दुखतो आणि एखादा दिवस कणकण येते एवढंच.

हवा बदलली ती बांगलादेशातल्या एका चाचणीने. तिथे ३४० गरोदर बायकांपैकी काहींना फ्लूची आणि बाकीच्यांना दुसरी लस दिली होती, २००८ मध्ये निकाल आला की फ्लूची लस घेतलेल्या आयांच्या बाळांना पहिल्या सहा महिन्यांत तपासणीत सापडलेला फ्लू ६३ टक्के कमी झाला. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, त्यामुळे आईच्या रक्तातून वारेमार्फत जातात त्या अँटिबॉडीज हेच त्याचं संरक्षण. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत, दक्षिण आफ्रिकेतल्या वगैरे, आकडा याहून कमी आला, साधारण एक तृतीयांश ते निम्मा, पण फायदा दिसला. मग २००९ ची स्वाइन फ्लूची साथ. अमेरिकेत लोकसंख्येत गरोदर बायका जेमतेम १ टक्का, मृत्यूंमध्ये ५ टक्के. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गरोदर बायकांना यादीत सगळ्यात वर ठेवलं.

२०१७ मध्ये पुन्हा एक खडा पडला. सलग दोन वर्षं लस घेतलेल्यांमध्ये, लसीनंतरच्या २८ दिवसांत गर्भपाताशी संबंध दिसतो असा एक छोटा अभ्यास आला. त्याच लोकांनी जास्त बायका घेऊन तो परत केला, २०१९ मध्ये सांगितलं की संबंध दिसत नाही. पहिली बातमी किती जणींपर्यंत पोचली आणि दुसरी किती, तुम्हीच बघा.

आणि २०२० मध्ये कोविडच्या लसींच्या पहिल्या मोठ्या चाचण्या सुरू झाल्या तेव्हा त्यातूनही गरोदर बायका वगळलेल्याच होत्या. जानेवारी २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मॉडर्नाच्या लसीबद्दल आधी सांगितलं की फार जोखमीत असाल तरच गरोदरपणात घ्या, आणि काही दिवसांतच ते वाक्य बदललं.