नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना ताण येतो तो नेमका कुठून?

मुलगी नर्सिंगला गेली की घरच्यांना काळजी असते ती रक्ताची, जखमांची, मृत्यू पाहण्याची. ती खोटी नाही. पण तैवानच्या संशोधकांनी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी बनवलेली 29 प्रश्नांची प्रश्नावली रुग्णसेवेइतकंच इतर गोष्टींकडेही बोट दाखवते : असाइनमेंटचं ओझं, अपुरं ज्ञान आणि कौशल्य, वॉर्डचं वातावरण, सोबती व रोजचं जगणं, शिक्षक आणि स्टाफ. यातलं बरंचसं आपल्या हातात आहे.

पहिल्या पोस्टिंगमधलं, म्हणजे वॉर्डातल्या प्रशिक्षणातलं, एक साधं काम घ्या. 500 मि.ली. सलाईन 4 तासांत द्यायचं आहे. सलाईनच्या नळीच्या, म्हणजे सेटच्या, पाकिटावर लिहिलंय, 1 मि.ली.ला 20 थेंब. म्हणजे 10,000 थेंब, भागिले 240 मिनिटं; मिनिटाला साधारण 42. घड्याळ पाहत 15 सेकंदांत दहा-अकरा थेंब पडतील असा रेग्युलेटर लावायचा. वर्गात हे गणित कुणीही सोडवतं. वॉर्डात मात्र नातेवाईक डोक्याशी उभे, स्टाफ सिस्टर घाईत, आणि चुकलं तर सगळ्यांसमोर बोलणी बसणार ही धास्ती. ताणात कार्यरत स्मृती, म्हणजे आकडे तात्पुरते डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता, कमी पडते. मग सवयीचा आकडा पुढे येतो. बारीक थेंबांच्या मायक्रोड्रिप सेटला 1 मि.ली.ला 60 थेंब असतात. तिथे 20 धरून हिशेब केला तर रुग्णाला ठरल्याच्या एक तृतीयांशच सलाईन जातं. म्हणून पाकीट वाचून हिशेब कागदावर मांडावा, दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

ड्यूटीनंतर असाइनमेंट लिहायच्या : केअर प्लॅन, केस स्टडी, प्रोसिजर बुक. मराठी माध्यमातून आलेल्यांना ते इंग्रजीत लिहायला जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ झोपेतूनच कापला जातो. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी लक्ष आणखी ढळतं.

सगळ्यात घातक ताण ओरडा बसण्याच्या भीतीचा आहे, कारण त्यापायी चूक लपवली जाते. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावताना बोटाला टोचलं, तर जखम न पिळता वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीची शक्यता असेल तर प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. 'सिस्टर काय म्हणतील' या विचारात गेलेली एक रात्रही महागात पडू शकते. म्हणून पोस्टिंगच्या पहिल्याच सकाळी क्लिनिकल इन्स्ट्रक्टरने, म्हणजे वॉर्डात शिकवणाऱ्या शिक्षकाने, सांगावं : सुई टोचली तर कुणाला, कोणत्या नंबरवर कळवायचं, रात्री कुणाला उठवायचं. सुईतून हिपॅटायटिस बीही पसरू शकतो; त्याच्या लसीचे 0, 1 आणि 6 महिन्यांचे डोस असतात. त्यांची सुरुवात प्रवेशाच्या वेळीच झाली पाहिजे.