मेलेल्या पेशी उचलायला मदत करणारी औषधं: बुरशी, माती आणि कंदातून आलेली

आपल्या शरीरात रोज साधारण ३३ हजार कोटी पेशी मरतात, वजनात धरलं तर ८० ग्रॅमच्या आसपास, आणि जवळपास तेवढ्याच नव्या तयार होतात. बहुतेक रक्तातल्या, त्याखालोखाल आतड्याच्या अस्तरातल्या. आता गंमत अशी की एवढ्या पेशी मरत असूनही निरोगी अवयवाचा तुकडा मायक्रोस्कोपखाली धरला तर त्यात मेलेली पेशी शोधावी लागते, कारण पेशी पुरती मरायच्या आधीच दुसरी पेशी येऊन तिला गिळून टाकते. या कामाला एफेरोसायटोसिस म्हणतात आणि मला वाटतं इम्युनिटी इम्युनिटी म्हणून आपण जे काही बोलतो त्यात या कामाचा उल्लेख फारच कमी होतो, सगळं लक्ष जंतूंशी लढण्याकडे.

गिळणाऱ्या पेशी म्हणजे मुख्यतः मॅक्रोफेज. पेशी बाहेरची वस्तू गिळतात हे एली मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिनाला स्टारफिशच्या पारदर्शक अळ्यांमध्ये पाहिलं, १९०८ चं नोबेलही मिळालं. पण जंतू गिळणं आणि स्वतःचीच मरणारी पेशी गिळणं यात मोठा फरक आहे. जंतू गिळला की मॅक्रोफेज चवताळतो, सूज वाढवणारी रसायनं सोडतो. आपलीच मरणारी पेशी गिळली की उलट होतं, तो शांत होतो, सूज उतरवणारी आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा ही रसायनं सोडतो. म्हणजे साफसफाई आणि सूज उतरणं हे एकाच कामाचे दोन भाग आहेत.

मॅक्रोफेजला कळतं कसं? मरणारी पेशी आधी एटीपीसारखे (पेशीला ऊर्जा पुरवणारे) रेणू बाहेर सोडते, त्या वासावर मॅक्रोफेज सरकत येतो. मग खरी खूण लागते ती फॉस्फॅटिडिलसेरीनची. हा चरबीसारखा रेणू जिवंत पेशीत आवरणाच्या आतल्या बाजूला ठेवलेला असतो, मरताना तो बाहेरच्या बाजूला येतो. मॅक्रोफेजवर मर्टीके नावाचा रिसेप्टर, म्हणजे खूण ओळखणारं प्रोटीन, असतो, तो मधल्या दुवा-प्रोटीनच्या मदतीने ही खूण पकडतो. हे दुवे, गॅस-६ आणि प्रोटीन एस, नीट तयार व्हायला व्हिटॅमिन के लागतं. जिवंत पेशींवर सीडी४७ नावाचं प्रोटीन असतं, ते मॅक्रोफेजला ‘मला हात लावू नको’ असं सांगत असतं.

खूण पकडल्यावर मॅक्रोफेजला आपलं आवरण पुढे काढून पेशीभोवती गुंडाळायचं असतं आणि इथे दोन प्रोटीनची ओढाताण चालते. रॅक म्हणतं गीळ, रो-ए म्हणतं थांब. रॅक किती जुनं आहे बघा, सी. एलिगन्स नावाच्या १ मिलिमीटरच्या कृमीत वाढीच्या काळात १०९० पेशी तयार होतात त्यातल्या ठरलेल्या १३१ मरतात, त्याच्याकडे मॅक्रोफेज नाहीत, शेजारच्या पेशीच मेलेलीला गिळतात, आणि तिथेही हेच रॅक लागतं.

हे काम रखडलं तर मेलेली पेशी फुटते, आतला डीएनए आणि प्रोटीन बाहेर सांडतात आणि शरीर त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवायला लागू शकतं. ल्युपसमध्ये, म्हणजे शरीर स्वतःवरच हल्ला करतं त्या आजारात, हा मोठा भाग आहे, मर्टीके नसलेल्या उंदरांना ल्युपससारखाच आजार होतो. हृदयाच्या धमन्यांमध्ये साचणाऱ्या चरबीच्या थरांतही तेच, मेलेल्या पेशी न उचलल्या गेल्याने मधे मऊ गाभा साठतो आणि असा थर फुटला की हार्ट अटॅक. सिगारेटने बिघडलेल्या फुफ्फुसात, म्हणजे सीओपीडीमध्ये, मॅक्रोफेज भरपूर असतात पण नीट गिळत नाहीत. आणि मर्टीकेचं जीन बिघडलं तर माणसाची दृष्टी जाते, कारण डोळ्याच्या पडद्यामागच्या पेशी रोज प्रकाशपेशींची जुनी टोकं गिळत असतात तेच थांबतं.

आता औषधांकडे. जपानमध्ये अकिरा एंडो यांनी सहा हजारांच्या आसपास बुरशींच्या चाचण्या घेऊन १९७० च्या दशकात पेनिसिलियमच्या एका जातीतून कोलेस्टेरॉल कमी करणारं पहिलं स्टॅटिन काढलं, पुढे दुसऱ्या बुरशीतलं लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. हे औषध पेशीत कोलेस्टेरॉल बनायची वाट अडवतं, पण त्याच वाटेवर रो-एला आवरणाला चिकटवणारी चरबीची शेपटी पण बनते, ती नाही बनली की रो-ए ढिलं पडतं आणि रॅकला रान मोकळं. २००६ मध्ये दाखवलं गेलं की लोव्हास्टॅटिनने उंदरांच्या फुफ्फुसात आणि सीओपीडीच्या पेशंटच्या मॅक्रोफेजमध्ये गिळण्याचं काम खरंच वाढतं. कोलेस्टेरॉलसाठी शोधलेलं औषध इथे उपयोगी पडावं हे मला फार सुंदर वाटतं.

दुसरं अझिथ्रोमायसिन. मूळ एरिथ्रोमायसिन फिलिपिन्समधल्या मातीतल्या बॅक्टेरियापासून मिळालं, त्यात रासायनिक बदल करून झाग्रेबच्या प्लिव्हा कंपनीने १९८० मध्ये अझिथ्रोमायसिन बनवलं. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या संशोधकांना दिसलं की ते जंतू मारण्याइतक्या डोसपेक्षा कमीतही फुफ्फुसातल्या मॅक्रोफेजची मेलेल्या पेशी गिळायची ताकद वाढवतं.

पण प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये चाललं म्हणजे पेशंटमध्ये चालेल असं नाही आणि इथे तर दोन्ही प्रकार झाले. २०१४ मध्ये आलेल्या मोठ्या ट्रायलमध्ये सिमव्हास्टॅटिन या दुसऱ्या स्टॅटिनने सीओपीडीचे झटके अजिबात कमी झाले नाहीत. अझिथ्रोमायसिनने मात्र २०११ च्या ट्रायलमध्ये, रोज २५० मिलिग्रॅम वर्षभर दिल्यावर, झटके कमी झाले, पण काहींचं ऐकू येणं कमी झालं आणि औषधाला न जुमानणारे जंतू वाढायची भीती आहेच. शिवाय ते जंतूही मारतं, सूजही कमी करतं, त्यामुळे फायद्यातला किती वाटा या साफसफाईचा हे वेगळं काढता येत नाही. बरेच लेख फक्त पहिली बातमी सांगून थांबतात, ते मला पटत नाही.

स्टिरॉइडचीही हीच गोष्ट. १९४० च्या दशकात रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतल्या जंगली कंदातल्या डायोस्जेनिन नावाच्या रसायनापासून हार्मोन बनवायची वाट काढली, पुढे कॉर्टिझोनही त्याच पदार्थापासून बनलं. त्याच कुटुंबातलं डेक्सामेथासोन मॅक्रोफेजवरचं मर्टीके वाढवतं. म्हणजे स्टिरॉइड सूज नुसती दाबत नाही, उचलायचं कामही वाढवतं, फक्त दीर्घकाळ घेतलं तर हाडं, साखर, इन्फेक्शन अशी किंमत मोजावी लागते. आणि काही मदत शरीर स्वतःच बनवतं, ओमेगा-३ पासून बनणारे रिझॉल्विन, ज्यांवर बॉस्टनच्या चार्ल्स सेर्हान यांनी खूप काम केलंय, तेही मॅक्रोफेजला गिळायला प्रवृत्त करतात. पण फिश ऑइलची गोळी घेतली म्हणजे नेमके तेवढे रिझॉल्विन नेमक्या जागी बनतील असं धरून चालू नका.

नवे रेणू शोधायची पद्धतही छान आहे. मरणाऱ्या पेशींना असा रंग लावतात जो फक्त आम्लात चमकतो, मॅक्रोफेजने पेशी गिळली की तिच्याभोवतीची पिशवी आम्लयुक्त होते आणि रंग चमकू लागतो, मग हजारो रेणू टाकून चमक कुठे वाढली ते मशीनच मोजतं. जर्मनीत डॉर्टमुंडच्या माक्स प्लांक संस्थेत तर निसर्गातल्या रेणूंचे तुकडे निसर्गात कधीच नसलेल्या जोड्यांमध्ये जोडून नवे रेणू बनवतात आणि ते पेशींवर काय करतात हे तपासतात.

अडचण कॅन्सरची आहे. गाठीतही पेशी मरत असतात, मॅक्रोफेज त्यांना गिळून शांत होतो आणि ती शांतता गाठीच्याच पथ्यावर पडते, म्हणून तिथे मर्टीके बंद करणाऱ्या औषधांवर काम चालू आहे. एकाच रिसेप्टरला ल्युपसमध्ये वर ढकलायचं आणि गाठीत खाली आणायचं, म्हणून सगळ्या शरीरात फिरणाऱ्या गोळीपेक्षा फक्त फुफ्फुसात किंवा फक्त धमनीच्या थरात पोचणारं औषध बनवणं जास्त महत्त्वाचं ठरतंय.