पार्श्वभूमी: संबळवादकाला प्राध्यापकी का मिळत नाही

मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत संगीत टिकावे आणि ते सर्वांना खुले व्हावे, ही चर्चा आज २०२०च्या शैक्षणिक धोरणापासून सुरू होते. गुंता त्याआधीचा आहे, आणि त्याचे मूळ शिक्षकाच्या पात्रतेत आहे.

या भागाला स्वतःचे विद्यापीठ १९५८ साली मिळाले. तोवर स्वरलिपी, थाट आणि परीक्षा यांचा साचा इतरत्र पक्का झाला होता. त्यात ख्याल बसला, तबल्याचे कायदे-रेले (ठरीव वादनरचना) बसले. तुळजापूर-माहूरच्या गोंधळ्यांचा संबळ, नाथांची भारुडे, वस्त्यांमधले जलसे आणि हलगी यांना फारशी जागा नव्हती. मिळाली ती बहुधा लोकसाहित्याच्या तासाला, म्हणजे फक्त शब्दांना. चाल आणि ठेका बाहेरच राहिले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्रीय नियमांनी एक दार मात्र उघडे ठेवले होते. २०१०च्या नियमावलीत संगीताच्या सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर पदवी आणि नेट (प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) यांखेरीज दुसरा मार्ग होता: नामवंत परंपरागत गुरूंकडे शिकलेला, आकाशवाणी-दूरदर्शनची वरची श्रेणी मिळवलेला आणि विषय सोदाहरण समजावून देऊ शकणारा कलावंत. पदवीची अट त्यात नव्हती. २०१८च्या नियमावलीत हा मार्ग राहिला, पण कलावंताला पदवी आवश्यक झाली आणि श्रेणीही ‘ए’च हवी, असे ठरले.

या बदलाच्या बाजूने बोलणारे सांगतात की पदवीमुळे वशिल्याला आळा बसतो, आणि शिक्षकाला प्रश्नपत्रिका, मूल्यमापन, संशोधन हेही सांभाळावे लागते. मुद्दा खरा आहे. पण गुरूची तालीम, ‘ए’ श्रेणी आणि शिकवण्याची हातोटी एवढे सिद्ध केलेल्या माणसाला आणखी कोणत्याही विषयातली पदवी मागून संगीताच्या वर्गाला काय मिळते? गोंधळी, वासुदेव या भटक्या जमाती. पोटासाठी गावोगाव फिरताना त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची शाळा सुटली, विद्या मात्र घरात चालत आली. पदवीची अट नेमकी त्यांनाच आडवी येते. शहरातल्या गायकाला ती जाणवतही नाही.

२०२२ मध्ये औपचारिक पात्रतेविना तज्ज्ञांना ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून घेण्याची मुभा मिळाली. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची, अपवादाने चार. मान्य (मंजूर) पदांच्या बाहेरची ही नेमणूक. मानधन उद्योगांकडून किंवा संस्थेच्या स्वतःच्या निधीतून, नाहीतर काम मानद. हिंगोली-बीडकडच्या महाविद्यालयाने हा निधी कुठून उभा करायचा? शिवाय तीन-चार वर्षांत पहिली तुकडी जेमतेम तयार होते, तोच शिक्षक निघून जातो.

राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवे धोरण २०२४-२५ पासून आले. सहअभ्यासक्रमाच्या श्रेयांकांत (क्रेडिटमध्ये) सादरीकरणाच्या कला आल्याने संगीत न घेणाऱ्या मुलामुलींनाही ढोलकी-हलगी शिकता येईल, हे मोठेच पाऊल. पण श्रेयांकांबरोबर मान्य पदे येत नाहीत. हे तास प्रामुख्याने तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांकडे जातात, आणि त्यांची नेमणूक दर वर्षी नव्याने होते.