पाणी आटतंय की गळतंय?

पोहण्याच्या तलावाचं पाणी कालच्या खुणेपेक्षा खाली गेलेलं दिसलं, की तोंडून पहिला शब्द निघतो तो 'गळती'. लगेच फरशी उखडायच्या गोष्टी सुरू होतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, हातोड्याआधी बादली घ्या. उघड्या तलावाचं पाणी रोज आटतंच, आणि आटलेलं पाणी नि गळालेलं पाणी नुसत्या डोळ्यांनी वेगळं ओळखता येत नाही.

आटणं म्हणजे किती? साधारण दिवसाला 3 ते 6 मिलिमीटर. हवा कोरडी आणि वारा सुटलेला असेल तर त्याहून जास्त. ऐकायला किरकोळ वाटतं, पण 10 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद तलावात 5 मिलिमीटर म्हणजे 250 लिटर पाणी झालं. "रात्री तर ऊन नव्हतं, मग पाणी गेलं कुठे?" हा प्रश्न हमखास येतो. दिवसभर तापलेलं पाणी आणि वर गार, कोरडी हवा असली, की रात्रीही भरपूर वाफ होते.

आता बादली. तलावाचंच पाणी तिच्यात भरा आणि ती पायरीवर ठेवा, म्हणजे निम्मी-अधिक पाण्यात बुडेल. हलू नये म्हणून आत एखादा दगड टाका. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकाच पातळीवर आणा, आणि बादलीला आतून एक, बाहेरून एक अशी खूण करा. बादलीचा काठ पाण्याच्या फार वर नको, नाहीतर तो वारा अडवतो. आपोआप पाणी भरणारा नळ बंद ठेवा आणि 24 तास कुणालाही पोहू देऊ नका. दोन्ही पाण्यांना ऊन तेच, वारा तोच. दोन्ही खुणांपासून पाणी सारखंच उतरलं असेल, तर ते आटलं. बाहेरचं जास्त उतरलं, तर जेवढा फरक तेवढी गळती. मध्येच पाऊस आला तर सरळ पुन्हा करा.

दुसरी खूण पाण्याच्या तपासणीत सापडते, आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही याचं मला वाईट वाटतं. वाफ होताना नुसतं पाणी जातं, क्षार मागे राहतात. म्हणून आटणाऱ्या तलावात वरून पाणी घालत राहिलं की जडपणा वाढत जातो आणि टाइलवर पाण्याच्या रेषेला पांढरा थर धरतो. गळतीत मात्र पाणी आपल्याबरोबर सगळंच घेऊन जातं. मीठ, नाहीतर सायन्युरिक आम्ल (ते क्लोरीनला उन्हापासून जपतं) पुन्हा पुन्हा घालावं लागत असेल आणि फिल्टर धुण्यात फार पाणी जात नसेल, तर संशय गळतीवरच घ्या.

गळतं कुठून? भिंतीला मधोमध भेग पडलीय असं सगळ्यांना वाटतं, पण आधी बघायला हवेत ते सांधे. स्किमर, म्हणजे वर तरंगणारा कचरा ओढून घेणारं भिंतीतलं तोंड, प्लॅस्टिकचा, भोवती कॉन्क्रीट. उन्हाने दोन्ही सारखे फुगत नाहीत, आणि वर्षानुवर्षांच्या त्या ओढाताणीत मधला सांधा सुटतो. दिव्याच्या मागे वायरची नळी जिथे शिरते, तिथेही तेच. पाइपखालची माती नीट ठोकून बसवलेली नसेल, तर ती खचते आणि जोड उघडतो. चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि तलावाचं अख्खं अंग हलवते. थंड प्रदेशात पाइपात साचलेलं पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, पाइप तिथेच तडकतो. पाणी आम्लधर्मी राहिलं तर टाइलच्या फटींत भरलेलं ग्राउट हळूहळू खाल्लं जातं. फिल्टरच्या व्हॉल्व्हमधलं गॅस्केट झिजलं तर पाणी गुपचूप सांडपाण्याच्या नळीतून निघून जातं. तो तर तलावाचा दोषच नव्हे.

बादलीने गळती ठरवली, तर तोच प्रयोग एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करा. चालू असताना जास्त गळतं? मग पंपापुढच्या, दाबाच्या पाइपकडे बघा. पंपाकडे पाणी ओढणाऱ्या पाइपला भोक असेल तर चालू पंप उलट हवा आत ओढतो आणि तलावात पाणी परत सोडणाऱ्या तोंडातून बुडबुडे येतात. पाणी उतरत उतरत स्किमरच्या तोंडाशी किंवा दिव्याशी येऊन थांबलं, तर गळतीची जागा बहुधा तिथेच असते.

पंप बंद करून पाणी स्थिर झालं, की संशयाच्या सांध्याजवळ रंगाचा एक थेंब अलगद सोडा. सांधा धड असेल तर रंग तिथेच ढगासारखा तरंगतो. गळका असेल तर त्याचा बारीक दोरा होतो आणि चिरेत ओढला जातो. अशी चीर पाण्याखाली घट्ट होणाऱ्या इपॉक्सी पुट्टीने बुजवता येते, तलाव रिकामा करावा लागत नाही. आणि तो घाईने रिकामा करूच नका: जमिनीतलं पाणी वर आलेलं असेल, तर खालच्या दाबाने रिकामी टाकी उचलली जाते, आणि मग जी भेग पडते ती कुठल्याही पुट्टीने बुजत नाही.